विद्येची वर्गणी

बारावीचा निकाल लागला की आपल्या ठाणे जिल्ह्यात दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरी पेढे वाटतात आणि दुसऱ्या दिवशी मंडळी प्रवेशाच्या धावपळीला लागतात. दुसऱ्या घरीही पेढे वाटतात. पण रात्री जेवणे आटोपल्यावर बाप ओटीवर बसून बोटांवर हिशेब करीत राहतो. मुलगी हुशार निघाली याचा त्याला आनंद असतो, आणि आता तिला पुढे शिकवायचे कसे, ही काळजीही असते. आज मला या दुसऱ्या घराविषयी बोलायचे आहे. त्याहीपेक्षा, या घराच्या आजूबाजूला जे गाव असते, जी आळी असते, जी चाळ किंवा सोसायटी असते, तिच्याविषयी बोलायचे आहे.

आपल्या गावांना वर्गणी काही नवी नाही. हरिनाम सप्ताह असो, जत्रा असो, देवळाचा जीर्णोद्धार असो, पावतीपुस्तक निघते, चार माणसे घरोघर फिरतात, कोणी रोख देतो, कोणी तांदळाची गोणी देतो, ज्याच्याजवळ काहीच नाही तो मांडव घालायला येतो. आणि शेवटी हिशेब सर्वांसमोर वाचला जातो. कल्याण-डोंबिवलीच्या चाळीतला गणपतीही असाच बसतो. म्हणजे पैसा कसा जमवावा, आणि जमवलेल्या पैशाचा हिशेब कसा द्यावा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माझा प्रश्न एवढाच आहे की, हीच रीत एखाद्या मुलाच्या शिक्षणासाठी का वापरू नये? आणि वापरायची तर कशी वापरावी?

याचे उत्तर शोधायला लांब जायचे कारण नाही. कल्याणातच पाहू या.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्मली. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा टपाल खात्यात नोकरीला. हीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्ध झाली, हे आपण सारे जाणता. पुस्तकात तिचा धडा असतो, त्यात तिची जिद्द असते, गोपाळरावांचा हट्ट असतो. पण तिच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. मी तर म्हणेन, शिक्षकबंधूंनी वर्गात हा धडा शिकवताना तो प्रश्न मुद्दाम विचारावा.

गोपाळरावांनी पत्नीला अमेरिकेत शिकवण्यासाठी साहाय्य मागणारे एक पत्र तिकडच्या एका मिशनऱ्याला लिहिले होते. उत्तर आले की, धर्म बदलाल तर मदत करता येईल. नवराबायकोंनी ती अट मानली नाही. पुढे ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आले, आणि न्यू जर्सी संस्थानातील रोझेल या गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या एका गृहिणीच्या वाचनात आले. तिची या जोडप्याशी ना ओळख, ना पाळख. तिने आपण होऊन पत्र लिहिले, आणि पुढे आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई तिला मावशी म्हणत.

प्रवासासाठी आनंदीबाईंनी आपले दागिने विकले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर व्याख्यान देऊन आपण परदेशी का जात आहोत हे लोकांना सांगितले. त्यानंतर टपाल खात्यातील एका वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी फंड उघडला आणि लोकांनी त्यात भर घातली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. ते महाविद्यालय सरकारी नव्हते, बरं का; खाजगी होते आणि देणगीदारांच्या मदतीवर चाललेले होते. म्हणजे कल्याणची ही लेक खाजगी संस्थेत, लोकांच्या मदतीने शिकली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली.

इथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे. पण शिष्यवृत्तीचा विचार करणाराने पुढचेही वाचले पाहिजे. फिलाडेल्फियाची थंडी कडाक्याची. आनंदीबाईंना राहायला जी खोली मिळाली तिच्यातली शेकोटी धड पेटत नसे, आणि पेटलीच तर खोली धुराने भरून जाई. नऊवारी लुगड्याने त्या थंडीत निभाव लागेना, म्हणून त्या गुजराती धर्तीवर साडी नेसू लागल्या. परक्या देशात आपल्या चालीचे जेवण सांभाळताना होणारे हाल वेगळेच. तब्येत खालावत गेली. क्षयाने गाठले. मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्या खोलीमुळेच त्या गेल्या असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण एवढे मात्र खरे की, फीची सोय झाली म्हणजे शिक्षणाची सोय झाली असे होत नाही. फी भरल्यावरही विद्यार्थ्याला जेवायला लागते, निजायला कोरडी जागा लागते, आजारी पडला तर औषध लागते, आणि आठवड्यातून एकदा तरी “कसं चाललंय?” असे विचारणारे कोणी लागते.

मी गेली पुष्कळ वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहे. माझ्या पाहण्यात असे आहे की, गरीब घरातले मूल जूनमध्ये सहसा गळत नाही. जूनमध्ये मामा धावून येतो, दागिना गहाण पडतो, सत्कारात एखादे पाकीट मिळते. मूल गळते ते दिवाळीच्या सुटीनंतर. खाणावळीचे दोन महिने थकलेले असतात, वसतिगृहाचा दुसरा हप्ता आलेला असतो, घरी भातकापणीला माणूस कमी असते. मुलगा सुटीला म्हणून जातो आणि परत येत नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही दिवस रेघा पडतात, मग नाव कमी होते. त्याला नापास कोणीच केलेले नसते.

आता दुसरे उदाहरण पाहा. हे साऱ्या महाराष्ट्राचे आहे. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. तरुण वयातच, १८८६ च्या सुमारास, त्यांनी “मुरुड फंड” काढला. गावातून जी माणसे नोकरीधंद्यासाठी बाहेर पडली होती, त्यांनी आपल्या मिळकतीतला लहानसा भाग गावाच्या कामासाठी द्यावा, ही त्यामागची कल्पना. गावाबाहेर गेलेल्या माणसाचे गावाशी नाते असते, आणि ते दरवर्षी पावतीच्या रूपाने ताजे करता येते, हे त्यांनी ओळखले होते.

हीच माणसे जोडण्याची कला पुढे फार मोठ्या कामाला आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते सुरूही केले. सरकारी सनद नाही, सरकारी अनुदान नाही, विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. अर्थात हे एक खाजगी विद्यापीठच होते, आणि त्याचा पाया लोकांच्या वर्गणीचा होता. लहान वर्गणी भरणाऱ्यांनाही विद्यापीठाच्या सभेवर प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिलेला होता. म्हणजे देणाऱ्याने पैसे द्यावेत आणि घरी जावे, असे नव्हते. त्याने कारभारातही लक्ष घालावे अशी योजना होती.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली, आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. त्या काळचे पंधरा लाख! त्यामुळे संस्था उभी राहिली यात शंका नाही. पण पुढे विठ्ठलदास वारले, आणि त्यांचे विश्वस्त व विद्यापीठ यांच्यात मतभेद होऊन दरवर्षी येणारी रक्कम काही काळ थांबली. अण्णा कर्वे तर सत्तरी ओलांडल्यावरही विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका फिरून आले होते. तिकडच्या आपल्या देशबांधवांपुढे हात पसरताना त्यांना कमीपणा वाटला नाही. ती अडचणही निभावली. १९३६ साली विद्यापीठाचे ठाणे मुंबईला हलले, आणि १९५१ साली त्याला कायद्याची मान्यता मिळाली. आज आपल्या जिल्ह्यातून गाडीने चर्चगेटला उतरून तेथे शिकायला जाणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या शिक्षणामागे ही सारी वर्गणी उभी आहे.

यातून व्यवहाराची एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. मोठी देणगी इमारत उभी करते. पण एकाच खांबावर घर तोलले तर त्या खांबाला तडा गेला की सारे छप्पर हलते. लहान लहान वर्गण्यांचे तसे नाही. शंभरांतले दहा थांबले तरी नव्वद चालू राहतात. म्हणूनच की काय, १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले, आणि पुन्हा थोड्या थोड्या वर्गणीसाठी दारोदार फिरू लागले.

इथे कोणी श्रोता मला अडवील. तो म्हणेल, “मास्तर, हे सारं ठीक आहे. पण शिक्षण देणं सरकारचं काम. आणि आजची खाजगी विद्यापीठं वर्षाला लाखांच्या घरात फी घेतात. आमच्या घामाचा पैसा त्यांच्या तिजोरीत का भरायचा?”

ही शंका रास्त आहे. तिला बगल देऊन चालणार नाही. माझे पहिले उत्तर असे की, जो अभ्यासक्रम सरकारी वा अनुदानित महाविद्यालयात मिळतो, तो तेथेच घ्यावा. केवळ रंगीत माहितीपत्रक पाहून खाजगी विद्यापीठाकडे धाव घेऊ नये. दुसरे असे की, प्रवेश घेण्यापूर्वी सरकारी सवलती नीट वाचाव्यात. २०२४ साली राज्य सरकारने वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिकवणी शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले. निर्णय चांगला आहे. पण त्यातून खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत, आणि प्रवेशही सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेला असावा लागतो. हे न कळल्यामुळे, “मुलींना सगळं फुकट आहे” असे ऐकून पालक निर्धास्त राहतात आणि ऐन वेळी गोंधळतात. गावच्या शिक्षकाने हा सरकारी निर्णय पालकांना वाचून दाखवला, तर तीही एक देणगीच आहे असे मी समजतो.

आणि जेथे ही माफी लागू होते तेथेही खाणावळ, वसतिगृह, पुस्तके, एसटीचा आणि रेल्वेचा पास हे उरतातच. मुरबाडच्या मुलाला आधी एसटीने कल्याण गाठावे लागते. शहापूरच्या मुलीला आसनगावला येऊन कसाऱ्याची गाडी धरावी लागते. आडपाड्यातून यायचे तर त्याआधीची पायपीट वेगळी. सरकारचा हात जेथे संपतो आणि विद्यार्थ्याची गरज जेथे संपते, त्यांमधली जागा आपण भरायची आहे. खाजगी विद्यापीठात ही जागा रुंद असते, म्हणून तेथे गावाने अधिक विचार करून, विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती किती मिळते हे लेखी विचारून, मगच पुढे व्हावे.

आता हिशेबाकडे वळू. समजा, दोनशे उंबऱ्यांचे गाव आहे. दर घरामागे महिन्याला पन्नास रुपये धरले, तर महिन्याचे दहा हजार आणि वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. निम्म्याच घरांनी दिले तरी साठ हजार. तेवढ्यात एखाद्या खाजगी विद्यापीठाची फी भागेल असे नाही. पण दोन-तीन मुलांच्या खाणावळीला आणि पासाला मोठाच टेकू मिळेल. डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीत किंवा कल्याणच्या एखाद्या चाळीत हाच हिशेब अधिक सोपा होतो. आणि गावातून निघून ठाण्या-डोंबिवलीत स्थायिक झालेली जी मंडळी आहेत, त्यांनी अण्णांच्या मुरुड फंडाची आठवण ठेवावी.

पैसे जमले की सांभाळायच्या काही गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, शब्द द्यायचा तो पुऱ्या अभ्यासक्रमाचा. एका वर्षासाठी दहा मुलांना थोडे थोडे देण्यापेक्षा, दोन मुलांना शेवटच्या परीक्षेपर्यंत नेणे बरे. अर्ध्या वाटेवर सोडलेला विद्यार्थी घरीही परततो आणि कर्जही घेऊन परततो.

दुसरी गोष्ट, पैशाबरोबर माणूस द्यायचा. ठाण्यात २००८ पासून विद्यादान सहायक मंडळ या नावाची संस्था हे काम करीत आहे. दहावी-बारावीनंतरच्या गरजू आणि होतकरू मुलांना ती आर्थिक साहाय्य तर देतेच, पण त्यांच्यामागे एक कार्यकर्ताही उभा करते. तो अभ्यासाची चौकशी करतो, अडचणी ऐकतो, मार्ग सुचवतो. कार्पेंटर मावशींनी आनंदीबाईंसाठी केले ते याहून वेगळे काय होते? तुमच्या गावातला निवृत्त शिक्षक, बँकेतला एखादा कारकून, शिकलेली सून, हे काम करू शकतात. त्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही.

तिसरी गोष्ट, मुलाला मिंधे करू नये. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत. त्या चालीने कित्येक विद्वान घडले हे खरे. पण कोणाच्या घरी पानात काय पडले आणि कोणी काय सुनावले, हे ती माणसे म्हातारपणीही विसरली नाहीत. आज आपण मुलाला स्टेजवर उभे करतो, हातात धनादेशाचा मोठा पुठ्ठा देतो, फोटो काढतो, आणि निवेदक त्याच्या घरच्या दारिद्र्याचे रसभरीत वर्णन करतो. अहो, ते मूल दुसऱ्या दिवशी त्याच मुलांच्या वर्गात बसायचे असते! पैसे खात्यात जमा करावेत, पाठीवर हात ठेवावा, एवढे पुरे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांनी मुलांना फुकटचे खाऊ घातले नाही. कमवा आणि शिका, असे सांगितले. आपल्या शिक्षणात आपलाही घाम आहे हे त्या मुलांना ठाऊक होते, म्हणून त्यांच्या माना ताठ राहिल्या.

चौथी गोष्ट, निवड. सरपंचाचा पुतण्या आणि वर्गणी गोळा करणाराचा भाचा यांचे अर्ज आधी उघडू नयेत, हे मी सांगायला नको. नियम आधी लिहावेत, अर्ज मागाहून मागवावेत. शिक्षकाचे मत घ्यावे, पण निर्णय एकट्यावर सोपवू नये. मुलीचा अर्ज आला तर, “हिचं लग्न होऊन जाईल, पैसा वाया जाईल,” असा विचार करणाऱ्याला कल्याणच्या यमुनेची आठवण द्यावी. तिचे तर लग्न आधीच झाले होते.

पाचवी गोष्ट, हिशेब. गावापुरती वर्गणी आहे तोवर वही आणि बँकेचे संयुक्त खाते पुरे. काम वाढले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी करावी. मग दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि ते चांगलेच आहे. सप्ताहाचा जमाखर्च जसा सर्वांसमोर वाचता, तसाच विद्येचाही वाचा. आकडे वाचा, मुलांची नावे मात्र वाचू नका.

शेवटी एक प्रश्न राहतो. शिकून मोठा झालेला मुलगा गावाला विसरला तर? विसरेलही. दहातले दोन-तीन विसरतील हे धरूनच चालावे. त्याच्याकडून लेखी कर्जरोखा घेण्याच्या मी विरुद्ध आहे. वसुली सुरू झाली की आपण सावकार होतो आणि तो कूळ होतो. त्याला एवढेच सांगावे, “बाबा, आम्हांला परत करू नकोस. तू कमावू लागलास की, पुढच्या एकाला दे.” फार थोडी मुले हा शब्द मोडतील असा माझा विश्वास आहे.

श्रोतेहो, आता पावसाळा तोंडावर असेल किंवा दिवाळी जवळ आली असेल. आपण हे केव्हा ऐकाल किंवा वाचाल, मला ठाऊक नाही. दिवाळी जवळ असेल तर माझी एक विनंती ऐका. आपल्या गावातली, आपल्या चाळीतली जी मुले यंदा शिकायला बाहेर गेली आहेत, त्यांची यादी करा. कोण सुटीला येणार आहे ते पाहा. आणि सुटी संपली की ती परत गेली की नाही, हे जाऊन विचारा. जे गेले नसेल त्याच्या घरी संध्याकाळी दोघांनी मिळून जावे. किती रुपये अडले आहेत, हे विचारावे. बहुतेक वेळा तो आकडा आपण समजतो त्याहून फार लहान निघतो.